जुन्या पुस्तकांचे दुकान आणि मराठीतील वाचनटिपण

१

मराठी समीक्षेच्या इतिहासात ग्रंथपरीक्षणाला आणि सैद्धांतिक विवेचनाला जे स्थान मिळाले, ते वाचनटिपणाला कधीच मिळाले नाही. वाचनटिपण म्हणजे हाती आलेले पुस्तक वाचीत असता मनावर जे उमटले त्याची सहज, अल्पविस्तर आणि बहुधा अपूर्ण नोंद. तिच्यात पुस्तकाचा समग्र परामर्श घेतल्याचा दावा नसतो. निर्णय देण्याची घाई नसते. पुष्कळदा पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलेही नसते. ह्या अपुरेपणामुळेच अभ्यासकांनी ‘स्वैर वाचन’ ह्या सदरात घालून तिची बोळवण केलेली दिसते. परंतु एखादे पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर वीस, तीस, पन्नास वर्षांनी ते कोणी वाचले काय, वाचले असल्यास कशासाठी वाचले, आणि त्याला त्यात काय सापडले, ह्या प्रश्नांची उत्तरे परीक्षणांतून मिळत नाहीत. परीक्षण हे पुस्तकाच्या जन्मकाळाशी बांधलेले असते. पुस्तकाच्या उत्तरायुष्याचा लेखी पुरावा शोधावयाचा, तर तो बव्हंशी ह्या टिपणांतच शोधावा लागतो.

पुस्तकाच्या उत्तरायुष्याला वाङ्मयात जशी एक जागा आहे, तशी ती व्यवहारातही आहे. जुन्या पुस्तकांचे दुकान ही ती जागा होय. हे दुकान आणि वाचनटिपण ह्यांचा संबंध केवळ स्मरणरंजनाचा नाही. टिपण ज्या प्रसंगातून जन्मते तो प्रसंग, म्हणजे विशिष्ट प्रत विशिष्ट वाचकाच्या हाती अकल्पितपणे येणे, हे दुकान घडवून आणते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे, की वाचनटिपणाला समीक्षा म्हणून जे मोल आहे, ते त्यातील मतांच्या अचूकपणात तितकेसे नसून, ग्रंथ, प्रत आणि प्रसंग ह्या तिहींची एकत्र साक्ष देण्याच्या त्याच्या शक्तीत आहे. ज्या प्रमाणात टिपणकार ह्या तिहींना धरून राहतो, त्या प्रमाणात त्याचे लेखन समीक्षेच्या पदवीला पोहोचते. मुंबईच्या उत्तरेस वाढलेल्या मीरा-भाईंदरसारख्या शहरात ह्या प्रश्नाला आज तातडीचे स्वरूप आले आहे. त्याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

२

नव्या पुस्तकांच्या दुकानात वाचक पुस्तक मागावयास जातो; जुन्या पुस्तकांच्या दुकानात पुस्तक वाचकासमोर येते. पहिल्या ठिकाणी निवड आधीच झालेली असते. ती जाहिरातीने, परीक्षणाने, अभ्यासक्रमाने किंवा लोकप्रवादाने केलेली असते. दुसऱ्या ठिकाणी ह्या सर्वांचा अंमल सुटलेला असतो. पारितोषिकप्राप्त कादंबरी आणि विस्मृत प्रवासवर्णन एकाच ढिगात, एकाच भावाने पडलेली असतात. वाङ्मयीन प्रतिष्ठेचा हा तात्पुरता लोप वाचकाला स्वतःच्या रुचीवर सोपवून देतो, आणि ही रुचीच वाचनटिपणाचे एकमेव भांडवल असते.

मराठीत ग्रंथविक्रीचा आणि समीक्षेचा संबंध जुना आहे. ‘निबंधमाला’ (१८७४–१८८१) लिहिणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात ‘किताबखाना’ ह्या नावाने पुस्तकांचे दुकान काढले होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्राच्या ओघात नोंदली जाते खरी. पण ग्रंथाचा गुणदोष सांगणाऱ्याला ग्रंथ वाचकाच्या हाती पोहोचविण्याचीही जबाबदारी वाटली, हा तीतील मुद्दा क्वचितच लक्षात घेतला जातो. तथापि किताबखान्याचे प्रयोजन नवे ग्रंथ उपलब्ध करून देणे हे होते. जुन्या पुस्तकांचा व्यवहार मुंबईत निराळ्या वाटेने वाढला. काळबादेवी-धोबीतलाव भागातील ‘न्यू अँड सेकंडहँड बुकशॉप’ विसाव्या शतकाच्या आरंभापासून सुमारे शंभर वर्षे टिकून २०११ च्या सुमारास बंद झाले. फ्लोरा फाउंटन, म्हणजे आजचा हुतात्मा चौक, येथून चर्चगेटच्या दिशेने पसरलेली पदपथावरील पुस्तकांची रांग २००५ मध्ये महापालिकेच्या कारवाईने विस्कटली. तिचे काही अवशेष, तसेच माटुंग्याच्या किंग्ज सर्कलनजीकचे विक्रेते, ही त्या परंपरेची उरलेली खूण होय.

ह्या व्यापाराची रीत समजून घेतल्याखेरीज त्यातून येणाऱ्या पुस्तकांचे स्वरूप समजत नाही. घरातून पुस्तक निघते ते रद्दीच्या भावाने, वजनावर. दुकानात विकले जाते ते नगावर. वजन आणि नग ह्यांतील अंतर हाच दुकानदाराचा नफा, आणि ते अंतर ओळखणे हीच त्याची विद्या. कोणत्या गठ्ठ्यातून कोणते पुस्तक बाजूला काढावयाचे आणि कोणते कागदगिरणीकडे जाऊ द्यावयाचे, हा निर्णय तो काही क्षणांत घेतो. हा निर्णयही एका अर्थी वाङ्मयीनच असतो. मात्र तो कोठे लिहून ठेवला जात नाही. ह्या धंद्याचा खर्च बहुधा ललित ग्रंथांवर निघत नाही. जून महिन्यातील क्रमिक पुस्तके, स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शके आणि इंग्रजी कादंबऱ्या ह्यांवर तो निघतो, आणि त्यांच्या आधाराने कोपऱ्यात जुने मराठी पुस्तक तग धरून राहते.

मराठी पुस्तक ह्या ढिगात तुलनेने विरळ का, ह्याचे कारण मराठी प्रकाशनव्यवहारात आहे. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती हे ह्या व्यवहाराचे दीर्घकाळचे सर्वसाधारण माप. त्यांतील मोठा वाटा सार्वजनिक ग्रंथालये आणि अनामत घेऊन चालणारी खाजगी वाचनालये उचलीत आली. मराठी मध्यमवर्गाने कथा-कादंबरी मुख्यतः वर्गणी भरून वाचली. विकत घेऊन घरी ठेवली ती पुष्कळशी धार्मिक, चरित्रात्मक आणि संग्राह्य मानलेली पुस्तके. त्यामुळे जुन्या बाजारात येणाऱ्या मराठी कादंबरीवर बहुधा कोणत्या तरी वाचनालयाचा शिक्का असतो, पुठ्ठा पुन्हा बांधलेला असतो, आणि शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी डकवलेली असते. अभ्यासकाच्या दृष्टीने हा विद्रूपपणा नव्हे. पुस्तक कोणत्या काळात मागणीत होते आणि केव्हा फडताळात स्तब्ध झाले, ह्याचा तो ठसाच असतो. अर्थात ह्या पुराव्याला मर्यादाही आहेत. चिठ्ठीवरील तारीख पुस्तक घरी नेल्याचे सांगते, वाचल्याचे नव्हे; आणि समासातील पेन्सिलीच्या खुणा पहिल्या दोन प्रकरणांनंतर थांबल्या, तर त्या वाचकाच्या कंटाळ्याच्या निदर्शक आहेत की तल्लीनतेच्या, हे एकट्या प्रतीवरून ठरवता येत नाही.

जुन्या पुस्तकांच्या दुकानाविषयी लिहिताना हळवेपणाचा धोका असतो. त्यावर उतारा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण ध्यानात ठेवावे. १९१३ ते १९१६ ह्या न्यूयॉर्कमधील वास्तव्यात त्यांनी जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. १९१७ मध्ये ते मायदेशी परतत असता त्यांचे सामान असलेली बोट पाणतीराने बुडाली, आणि त्याबरोबर त्यांचे बरेचसे ग्रंथ गेले. ह्या विद्यार्थ्याला जुन्या पुस्तकांचे दुकान हे फावल्या वेळेचे ठिकाण नव्हते. शिष्यवृत्तीच्या तुटपुंज्या पैशांत ज्ञानाचा संग्रह करण्याचा तो जवळजवळ एकमेव मार्ग होता. ज्या समाजाला घराण्याकडून ग्रंथसंग्रहाचा वारसा मिळाला नाही, त्याला दुसऱ्याच्या घरातून बाहेर पडलेले पुस्तकच वारसा म्हणून घ्यावे लागते. जुन्या पुस्तकाचा स्वस्तपणा ही म्हणूनच दुय्यम गोष्ट नाही. वाचनाचा अधिकार कोणापर्यंत पोहोचला, ह्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे.

३

आता वाङ्मयाकडे वळता येईल. गेल्या अर्धशतकात मराठीत ग्रंथवाचनाविषयी जे सदरलेखन झाले, त्यात तीन निरनिराळ्या प्रवृत्ती स्पष्टपणे ओळखता येतात. गोविंद तळवलकर, अरुण टिकेकर आणि सतीश काळसेकर हे त्यांचे प्रातिनिधिक लेखक मानावयास हरकत नाही.

तळवलकर १९६८ ते १९९६ ह्या काळात ‘महाराष्ट्र टाइम्स’चे संपादक होते. त्यांचे ‘वाचता वाचता’ हे लेखन मुख्यतः इंग्रजी ग्रंथांविषयीचे आहे. इतिहास, राजकारण, चरित्र आणि विचार ह्या क्षेत्रांतील ग्रंथांचा आशय मराठी वाचकापुढे सुबोध रीतीने मांडणे, हे त्याचे प्रयोजन. जे ग्रंथ जिल्ह्याच्या गावी मिळणे दुरापास्त होते, त्यांची ओळख वृत्तपत्राच्या द्वारे घरोघर पोहोचविण्याचे हे कार्य लहान नव्हे. परंतु शीर्षकात ‘वाचता वाचता’ असा सहजपणाचा निर्देश असला, तरी लेखनात वाचण्याच्या क्रियेपेक्षा वाचून हाती आलेल्या फलाला महत्त्व आहे. पुस्तक कसे हाती आले, कोणती प्रत, कोठे अडखळायला झाले, ह्या गोष्टी तेथे गौण ठरतात. कारण लेखकाचे लक्ष वाचकाला त्या ग्रंथाचा विषय समजावून देण्याकडे असते. ह्या प्रवृत्तीला परिचयपर म्हणता येईल. तिच्यात ग्रंथ आहे. प्रत आणि प्रसंग नाहीत.

अरुण टिकेकरांची प्रवृत्ती ह्याहून भिन्न. ‘लोकसत्ता’चे संपादक म्हणून ते सर्वपरिचित असले, तरी त्यांची मूळ वृत्ती ग्रंथशोधकाची होती. एकोणिसाव्या शतकातील मुंबई आणि महाराष्ट्र हा त्यांच्या व्यासंगाचा विषय. मुंबई विद्यापीठाच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘अक्षरनिष्ठांची मांदियाळी’ ह्यासारख्या त्यांच्या लेखनात ग्रंथ हा एकटा येत नाही. त्याच्याबरोबर त्याचा संग्राहक आणि त्याचा शोध घेणारा हेही येतात. येथे जुने पुस्तक हे साधन असते, आणि त्याच्या शोधाचा वृत्तांत हा संशोधनाचाच एक भाग बनतो. विस्मृत ग्रंथाची प्रत सापडली, की तिच्या साहाय्याने एखाद्या व्यक्तीचा, संस्थेचा किंवा वादाचा दुवा जुळतो. ह्या प्रवृत्तीला संशोधनपर म्हणावे. तिच्यात ग्रंथ आहे आणि प्रतही आहे. मात्र तिचा ओढा दुर्मीळतेकडे असतो. जे पुस्तक सर्वत्र मिळते आणि म्हणून कोणी जपत नाही, त्या सामान्य पुस्तकाला ह्या दृष्टीत फारशी जागा नसते.

सतीश काळसेकरांचे ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ हे पुस्तक २०१० मध्ये लोकवाङ्मय गृहातर्फे प्रसिद्ध झाले आणि त्याला २०१३ चे साहित्य अकादेमी पारितोषिक मिळाले. ‘इंद्रियोपनिषद’ (१९७१) ह्या संग्रहाने आणि अनियतकालिकांच्या चळवळीतील सहभागाने परिचित असलेल्या कवीला हा सन्मान त्याच्या कवितेसाठी न मिळता वाचनाच्या टिपणांसाठी मिळावा, ही घटना अर्थपूर्ण आहे. ज्या लेखनप्रकाराला विद्यापीठीय समीक्षेने नाव दिले नव्हते, त्याला अकादमीने मान्यता दिली. विद्यापीठांनी मात्र त्या मान्यतेचा पाठपुरावा पुरेसा केला असे म्हणता येत नाही.

ह्या पुस्तकाचे शीर्षकच विचार करण्याजोगे आहे. लेखकाने ‘वाचक’ हा रूढ शब्द टाकून ‘वाचणारा’ हे धातुसाधित स्वीकारले. ‘वाचक’ ही पदवी आहे. ‘वाचणारा’ ही चालू असलेली क्रिया आहे. शिवाय मराठीत ‘वाचणे’ ह्या क्रियापदाला ग्रंथ वाचणे आणि संकटातून जिवंत राहणे असे दोन्ही अर्थ आहेत. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे दोन धातू एक आहेत की भिन्न, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. भाषेच्या चालू वापरात ते एकाच रूपात नांदतात, एवढे पुरे आहे. रोजनिशीतील वाचणारा हा ग्रंथ वाचणारा आहे, आणि तो ज्यांच्याविषयी लिहितो ती पुस्तके, नियतकालिके, दुकाने, ग्रंथालये आणि माणसे ही वाचलेली किंवा वाचू न शकलेली अशी आहेत. टिपणाला येथे मृत्युलेखाचा आणि स्वागताचा असे दोन्ही स्वर एकाच वेळी लाभतात.

काळसेकरांच्या ह्या प्रवृत्तीला सहवासपर म्हणता येईल. तिच्यात ग्रंथ, प्रत आणि प्रसंग ही तिन्ही एकत्र नांदतात. पुस्तक हे मित्रांच्या, विक्रेत्यांच्या आणि प्रकाशकांच्या जाळ्यातून हाती येते. ते जाळे टिपणात जसेच्या तसे राहते. ग्रंथव्यवहारातील दुय्यम समजल्या जाणाऱ्या माणसांना त्यामुळे वाङ्मयाच्या इतिहासात प्रवेश मिळतो. ह्या दृष्टीने रोजनिशी हे मराठी वाचनटिपणाचे सर्वांत परिणत रूप होय.

तथापि ह्याच रूपात एक उणीवही अंतर्भूत आहे. सहवासातून प्रतिकूल निर्णय सहसा निघत नाही. ज्याच्याशी स्नेह आहे त्याच्याविषयी रोजनिशी लिहिली जाते. ज्याच्याशी नाही, त्याच्याविषयी ती मौन पाळते. परीक्षणकाराला न आवडलेल्या पुस्तकाविषयीही लिहावे लागते. टिपणकारावर ते बंधन नसते. परिणामी वाचनटिपणांच्या संग्रहातून एका वाचकाच्या प्रीतीचा नकाशा मिळतो. त्याच्या नावडीचा मिळत नाही. अर्धवट टाकलेल्या पुस्तकांची नोंद, आणि ते का टाकले ह्याची चार वाक्ये, ह्यांची ह्या प्रकाराला फार गरज आहे. नकाराची जबाबदारी न स्वीकारणारे टिपण गोड राहते, परंतु समीक्षा म्हणून पांगळे होते.

४

टिपणकाराच्या ह्या प्रीतीला छेद देणारे एक प्रसिद्ध इंग्रजी उदाहरण आहे. १९३४ ते १९३६ ह्या काळात जॉर्ज ऑर्वेल लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील जुन्या पुस्तकांच्या दुकानात काम करीत होता, आणि १९३६ मध्ये त्याने त्या अनुभवावर एक छोटा निबंध लिहिला. चार्ल्स लॅम्ब आणि विल्यम हॅझलिट ह्यांच्यापासून इंग्रजी निबंधात जुन्या पुस्तकांविषयी जो कोमल भाव चालत आला होता, त्याला ऑर्वेलने प्रतिकूल साक्ष दिली. दुकानात येणाऱ्यांतील फारच थोड्यांना चांगल्या पुस्तकाची पारख असते, असे त्याला आढळले. आणि हजारो पुस्तके रोज झाडून इकडची तिकडे ठेवता ठेवता पुस्तकांवरील त्याचे स्वतःचे प्रेमही आटले, अशी कबुली त्याने दिली.

ह्या साक्षीचा अर्थ नीट लावला पाहिजे. विक्रेता आणि वाचक ह्या भूमिका एका व्यक्तीत दीर्घकाळ सुखाने नांदत नाहीत, एवढेच तीवरून सिद्ध होते. विक्रेत्याच्या दृष्टीला पुस्तक समूहाने दिसते, वाचकाला ते एकेकटे दिसते. परंतु समूहाने दिसल्यामुळेच ऑर्वेलला अशी एक गोष्ट दिसली, जी समीक्षकाला दिसली नसती. दुकानाला जोडलेल्या फिरत्या वाचनालयात लोक खरोखर कोणती पुस्तके नेतात, हे त्याने पाहिले. तेथे अग्रक्रम एथेल डेल ह्या प्रणयकथालेखिकेचा होता. अभिजात म्हणून गौरविलेल्या कादंबऱ्या कोणी नेत नव्हते. लोक आपल्या रुचीविषयी जे सांगतात आणि त्यांची प्रत्यक्ष जी रुची असते, ह्यांतील अंतर दुकानाच्या गल्ल्यापाशी उघडे पडते. वाचकाचे टिपण आणि विक्रेत्याची साक्ष ही म्हणूनच परस्परपूरक साधने आहेत. पहिले एकाच प्रतीचे अंतरंग सांगते. दुसरी अनेक प्रतींच्या गतीचा हिशेब सांगते. मराठीत पहिल्याचे नमुने आहेत; दुसरीचा तोटा आहे. आयुष्यभर जुनी पुस्तके विकणाऱ्या मराठी विक्रेत्यांनी आपला अनुभव क्वचितच लिहिला आणि अभ्यासकांनी तो क्वचितच विचारला.

५

हा तोटा कोठे जाणवतो हे पाहण्यासाठी मीरा-भाईंदरकडे वळणे इष्ट. ठाणे जिल्ह्यातील हे शहर एके काळी मिठागरांचे, भातशेतीचे आणि उत्तनच्या बाजूस मासेमारीचे गाव होते. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. गिरगाव, परळ, दादर येथील चाळी सोडून पश्चिम रेल्वेच्या मार्गाने उत्तरेकडे सरकलेल्या मराठी कुटुंबांच्या अनेक मुक्कामांपैकी हा एक. गुजराती, मारवाडी, हिंदी आणि उर्दू भाषकांची मोठी वस्तीही येथे आहे.

वाङ्मयाच्या इतिहासात अशा शहराला स्थान नसते. त्याच्या नावावर वाङ्मयीन चळवळ नाही, जुनी प्रकाशनसंस्था नाही. ठाणे शहरात १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले, तसा शतकभराचा वारसा त्याच जिल्ह्यातील ह्या शहराला लाभलेला नाही. परंतु पुस्तकांच्या उत्तरायुष्याच्या दृष्टीने पाहिल्यास हे शहर मध्यवर्ती ठरते. चाळीतील दोन खोल्यांतून सदनिकेत येताना कुटुंबाने जी पुस्तके बरोबर आणली, ती पहिल्या पिढीने जपली. पुढील पिढीचे शिक्षण बहुधा इंग्रजी माध्यमातून झाले. ती पिढी आता घर बदलते, घराची दुरुस्ती काढते, वडिलांच्या पश्चात कपाट रिकामे करते. कपाटातील पुस्तके रद्दीच्या दुकानात येतात. तेथे मराठी पोथी, गुजराती मासिक, हिंदी कादंबरी आणि उर्दू काव्यसंग्रह एकाच सुतळीने बांधले जातात. ह्या टप्प्यावर पुस्तकाला दोन वाटा असतात. जुन्या पुस्तकांचा जाणता विक्रेता त्या रद्दीवाल्याकडे फेरी मारीत असेल, तर पुस्तक वाचते. नसेल, तर ते वजनासह गिरणीकडे जाते. नव्याने वाढलेल्या उपनगरांची अडचण नेमकी येथे आहे. दुकानभाडे चढे, जागा अपुरी आणि मराठी पुस्तकाचे गिऱ्हाईक विखुरलेले, अशा स्थितीत घर आणि गिरणी ह्यांच्यामध्ये उभे राहणारे दुकान मूळ धरू शकत नाही.

ह्यावर सार्वजनिक उपाय सुचविले जातात, आणि काही अमलातही आले आहेत. डोंबिवलीस पुस्तकांच्या आदानप्रदानाचे उपक्रम झाले. महाबळेश्वरनजीकच्या भिलार येथे ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. भिलारची कल्पना वेल्समधील हे-ऑन-वाय ह्या गावावरून सुचली असली, तरी दोहोंत मूलभूत भेद आहे. हे-ऑन-वाय हे जुन्या पुस्तकांच्या विक्रीवर उभे राहिलेले गाव. भिलार हे घरोघरी मांडलेल्या वाचनदालनांचे गाव. एका ठिकाणी पुस्तक हात बदलते, दुसऱ्या ठिकाणी ते आपल्या फडताळावर परत जाते. भिलारचा उपक्रम स्तुत्य आहे. पण तो जुन्या पुस्तकांच्या बाजाराची जागा घेऊ शकत नाही. निवडून मांडलेला संग्रह कितीही उत्तम असला, तरी त्यात अनाहूत पुस्तकाला दार नसते.

सार्वजनिक ग्रंथालयांकडूनही ही अपेक्षा पुरी होत नाही, आणि त्यांना दोष देणेही उचित नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली वाढलेल्या ग्रंथालयांना नव्या ग्रंथांसाठी जागा करावी लागते, जीर्ण प्रती काढून टाकाव्या लागतात. दान म्हणून येणारे गठ्ठे पुष्कळदा त्यांच्याकडे आधीच असलेल्या पुस्तकांचे असतात. ग्रंथालय ग्रंथ सांभाळते. एकाच ग्रंथाच्या दहा प्रती, त्यांवरील दहा वाचकांच्या खुणांसाठी, ते सांभाळू शकत नाही.

६

येथे विद्यापीठीय विभागाचे कर्तव्य सुरू होते. मराठी संशोधनाला ह्या बाबतीत दोन थोर आदर्श आहेत. वि. का. राजवाडे ह्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा १८९८ मधील पहिला खंड वाई येथे सापडलेल्या जुन्या कागदपत्रांवर आधारलेला होता, लोकांच्या घरी दुर्लक्षित पडलेला कागद हे इतिहासाचे साधन आहे, हे त्यांनी मराठी मनाला शिकविले. शं. ग. दाते ह्यांनी ‘मराठी ग्रंथसूची’च्या दोन भागांत १८०० ते १९५० ह्या कालखंडातील मुद्रित मराठी ग्रंथांची नोंद केली. राजवाड्यांनी हस्तलिखित वाचविले, दात्यांनी मुद्रित ग्रंथाचे नाव वाचविले. परंतु सूचीत ग्रंथ असतो, प्रत नसते. अमुक कादंबरी अमुक साली छापली गेली हे सूची सांगते. तिचे वाचन कसे झाले हे प्रतीच सांगू शकतात, आणि त्या प्रतीच आज वजनावर जात आहेत.

म्हणून वाचनटिपणाला अभ्यासाची शिस्त लावून ‘प्रतिनोंद’ असा एक प्रकार विभागांनी रूढ करावा, असे सुचवावेसे वाटते. पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील रद्दीच्या किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून निवडलेल्या एका प्रतीविषयी लिहावयाची ही नोंद. तिच्यात आवृत्ती व मुद्रणालय, वाचनालयाचा शिक्का, तारखांची चिठ्ठी, भेटीदाखल लिहिलेला मजकूर, समासातील खुणा, खरेदीची किंमत आणि स्थळ ह्यांचे वर्णन असावे. त्यानंतर विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वाचनाचे प्रामाणिक टिपण असावे, आणि पुस्तक अर्ध्यावर सोडले असल्यास तेही सांगितलेले असावे. विक्रेत्याशी झालेले संभाषण शक्य तेथे जोडावे. पूर्वीच्या मालकाचे नाव वा खाजगी मजकूर मात्र उघड करू नये. प्रत ही साधन आहे, कोणाच्या घरात डोकावण्याची खिडकी नव्हे. एका नोंदीवरून काहीच सिद्ध होणार नाही. परंतु मीरा रोड, वसई, डोंबिवली, पिंपरी अशा शहरांतून वर्षानुवर्षे जमलेल्या शेकडो नोंदींवरून मराठी वाचकाच्या इतिहासाची अशी सामग्री हाती येईल, जी आज कोणत्याही ग्रंथालयात नाही.

ह्या सूचनेवर एक आक्षेप संभवतो. प्रतीचा, शिक्क्याचा आणि किंमतीचा विचार हा वाङ्मयबाह्य आहे. कलाकृती स्वायत्त असून तिचे मूल्य तिच्या अंतर्गत लयीत शोधावे, ही मर्ढेकरांपासून मराठी समीक्षेत दृढ झालेली भूमिका. ह्या भूमिकेचे बळ मान्य करूनही असे म्हणता येईल, की कलाकृती स्वायत्त असली तरी तिची वाट स्वायत्त नसते. ती कागदावर छापली जाते, कोणाच्या तरी कपाटात राहते, कोणी तरी ती विकतो, कोणी तरी विकत घेतो. सौंदर्याचा अनुभव ह्या वाटेच्या शेवटी येतो. वाट तुटली तर अनुभवाचा प्रश्नच उद्भवत नाही. मूल्यमापन हे समीक्षेचे अंतिम कार्य असेल, परंतु ज्याचे मूल्यमापन करावयाचे ते वाचकाच्या हाती उरले आहे काय, हे पाहणे हे तिचे पहिले कार्य होय.

तळवलकरांचा परिचय, टिकेकरांचा शोध आणि काळसेकरांचा सहवास ह्या तीन प्रवृत्तींनी मराठी वाचनटिपणाचा पाया घातला आहे. चौथी प्रवृत्ती, म्हणजे विक्रेत्याची साक्ष, आणि पाचवी, म्हणजे प्रतिकूल मत नोंदविणारे टिपण, ह्यांची जागा रिकामी आहे. ती भरून काढण्यास मोठ्या अनुदानाची गरज नाही. रद्दीवाल्याकडे गठ्ठा येण्याचा दिवस ठाऊक असणारा एक विद्यार्थी, आणि त्याने आणलेल्या प्रतीची नोंद तपासण्यास तयार असलेला एक अध्यापक, एवढ्यावर ह्या कार्याचा आरंभ होऊ शकतो.